धाकटी पाटकरीण

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा संपत आला तेव्हा मंदाकिनी खैरनारच्या ध्यानात आलं, की गेल्या एकवीस दिवसांत आपल्याला कोणी एकही शिवी दिलेली नाही.

ही गोष्ट साधी नव्हती. साकोडे गावची पाटकरीण म्हणून चौदा वर्षं तिनं शिव्या खाल्ल्या होत्या. कानी नदीवरचा दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली भिजणारे चार फड, म्हणजे शेतांचे चार मोठे पट्टे, एवढं तिचं राज्य. कुठल्या फडाचं दार कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, हे पाटकऱ्यानं पाहायचं. पूर्वी प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन चारही फडांत असे, त्यामुळे पाणी कुठंही गेलं तरी सगळ्यांचंच भिजत असे. पुढं वाटण्या झाल्या, खरेदी-विक्री झाली. आता वरच्या फडाची माणसं वेगळी आणि शेवटच्या फडाची वेगळी. पाणी मात्र तेवढंच.

तिचा नवरा पाटकरी होता. तो अचानक गेला तेव्हा पंचांनी 'तात्पुरती' म्हणून चावी तिच्या हातात दिली. तात्पुरतं ते चौदा वर्षं टिकलं. कारण एकच, मंदाकिनीला सगळे नियम पाठ होते. कुणाचे आजोबा काय ठरवून गेले, कुठल्या साली कुठला ठराव झाला, सगळं. कोणी अंगावर धावून आलं की ती शांतपणे म्हणायची, "नियम आहे भाऊ, माझा इलाज नाही." समोरचा दात-ओठ खात निघून जायचा.

आणि आता तिची जागा घ्यायला, किंवा खरं सांगायचं तर तिच्या शेजारी येऊन बसायला, यंत्र आलं होतं. दारांना मोटरी बसल्या, शेताशेतांत ओलावा मोजणाऱ्या खुंट्या ठोकल्या गेल्या आणि पाटावरच्या चौकीत एक करडी पेटी आली. गावानं पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं. मंदाताई थोरली पाटकरीण, ही धाकटी.

* * *

धाकटीला शिकवायला विद्यापीठातून प्राध्यापक तेजस अहिरराव आला होता. पस्तिशीचा, किरकोळ अंगाचा, पायात बूट घालून चिखलात उतरणारा. त्याच्या आधी दोन गावांत अशी यंत्रं येऊन परत गेली होती. ती यंत्रं जुन्या पाणीवाटपाचे आकडे पाहून अंदाज बांधायची आणि 'असं का?' म्हणून विचारलं तर गप्प बसायची. न बोलणाऱ्या पाटकऱ्याला कुठलं गाव ठेवून घेईल? तेजसचं काम निराळ्या जातीचं होतं. त्याला आकडे नको होते, नियम हवे होते.

सात आठवडे तो चौकीत बसून लिहून घेत होता.

"वरून खाली, क्रमानं पाळी. बरोबर?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.

"बरोबर. फक्त पोळ्याला नाही."

"पोळ्याला काय असतं?"

"बैल धुवायला पाणी नदीतच ठेवायचं. पाट बंद."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पोळ्याचं विचारलंच नाही," मंदाकिनी म्हणाली. "आणि पोळ्याला नदीला पूर असेल तर पाट बंद ठेवायची गरज नाही. तेही आत्ताच लिहून घ्या, नाहीतर पुन्हा म्हणाल."

तेजस मनापासून हसला. माणसाचे नियम असेच असतात, त्यानं तिला सांगितलं. 'जर असं, तर तसं' हे निम्मं. 'उलट काही कळलं नाही तोपर्यंत' हे उरलेलं निम्मं, आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. धाकटीला ते दोन्ही कळत होतं.

पण खरी मेख पुढं होती. नियम बदलतात. नवा ठराव झाला की जुन्याचं काय करायचं? साधं यंत्र जुना पुसून टाकेल. धाकटी पुसत नव्हती.

"उतरंड माहीत आहे ना ताई? गाडग्यावर गाडगं. नवा नियम वर ठेवायचा. तो खालच्या नियमाच्या उलट बोलत असेल तर तेवढ्यापुरता खालचा गप्प. बाकी सगळे बोलतच राहतात. आणि वरच्याचं कारण संपलं की खालचा पुन्हा बोलायला लागतो."

"हे तर आम्ही करतोच."

"करता ना. आता पुढचं. दोन नियम एकमेकांच्या उलट बोलत नाहीत, पण पाणी एकच आहे. एक म्हणतो ऊस, एक म्हणतो गहू. दोघेही जिवंत, दोघेही खरे. मग कोणाचं ऐकायचं?"

"ज्याचा मान मोठा त्याचं," मंदाकिनी ताबडतोब म्हणाली. "घरात नवा जावई आला म्हणून मामाचा मान त्याला देत नाहीत."

तेजसनं लिहिता लिहिता हात थांबवला. "आमच्या लोकांना हे समजायला कितीतरी वर्षं लागली, ताई. नव्या-जुन्याचा हिशोब सांभाळणारं तर्कशास्त्र एकीकडे तयार होत होतं आणि मानाचा क्रम सांभाळणारं दुसरीकडे. दोन्ही एकत्र आणली की गोंधळ व्हायचा. चाळणी आधी कुठली लावायची? नव्या-जुन्याची का मानाची? क्रम बदलला की उत्तर बदलतं. शिवाय मान ठरवणारा नियमही शेवटी नियमच. पंच उद्या तोही बदलू शकतात."

"मग तुम्ही काय केलं?"

"आधी नव्या-जुन्याची चाळणी. जुन्यातला जो थेट कापला गेला तो बाजूला. जे उरले त्यांच्यात मान पाहायचा, आणि मानही त्या दिवशी जो चालू असेल तोच. एवढं करून नियमांची एकमेकांत न भांडणारी पूर्ण जुळणी झाली, की ते झालं उत्तर."

मंदाकिनीनं मान डोलावली. सात आठवड्यांत तिनं दोनशे बारा नियम सांगितले. प्रत्येकाला साल, प्रत्येकाला करणाऱ्याचं नाव. एवढं सगळं आपल्या डोक्यात होतं याचं तिलाच आश्चर्य वाटलं. बाहेर काढून ठेवल्यावर डोकं कसं हलकं झालं होतं.

* * *

चौकीच्या बाहेरच्या भिंतीवर तेजसनं एक हिरवं बटण बसवलं होतं. त्यावर एकच अक्षर होतं, 'का?' ते दाबून पाण्याबद्दल काहीही विचारावं आणि धाकटीनं बातम्या सांगणाऱ्या बाईसारख्या स्वच्छ आवाजात उत्तर द्यावं. कुठला नियम, कोणी केला, कुठल्या साली, आणि कुठला नियम गप्प बसला.

पहिला वाद घातला तो खुद्द पंचांच्या अध्यक्षांनी, दौलतनाना बोरशांनी. नानांनी मोठ्या खटपटीनं ठराव करून घेतला होता, की मंगळवारी कांद्याला पाळी द्यावी. मंगळवार उजाडला आणि पाणी गव्हाला गेलं. नाना तरातरा चौकीवर आले. मंदाकिनी सवयीनं उठून उभी राहिली, पण नानांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बटणावर अंगठा दाबला.

"माझा ठराव नवा आहे! नवा मोठा का जुना मोठा?"

"आपला ठराव लागू आहे," धाकटी म्हणाली. "त्यानुसार कांद्याला पाळी आहे. गहू ओंबीवर असेल तर गव्हाला पाळी द्यावी, हा २००७ सालचा नियमही लागू आहे. आपल्या ठरावानं तो रद्द झालेला नाही. आज पाणी एकाच पाळीपुरतं आहे. ओंबीवरच्या गव्हाचा मान इतर पिकांच्या आधी, असा पंचांचा २०१२ सालचा ठराव आहे. ठराव मांडणारे, दौलत शिवराम बोरसे."

बाहेर ओट्यावर बसलेली चार माणसं खो खो हसली. नाना क्षणभर लाल झाले, मग स्वतःच हसायला लागले. "च्यायला, मीच माझा पाय ओढला की," म्हणाले आणि मंदाकिनीकडे तंबाखूची डबी पुढे करून तिला तंबाखू चालत नाही हे आठवल्यावर परत खिशात घातली.

असं रोज होऊ लागलं. माणसं यायची, विचारायची, ऐकायची आणि जायची. भांडण करायला समोर माणूस नव्हतं आणि उत्तरात लबाडी नव्हती. मंदाकिनी दारांच्या मोटरींना तेलपाणी बघायची, खुंट्या साफ करायची. दुपारी चौकीतल्या बाजेवर तिला झोप लागायला लागली. लोक वाटेत थांबून तिच्याशी पिकाचं, लेकीसुनांचं बोलू लागले. बाजारात कोणी तिला बळंच रसाचा पेला दिला. एवढ्या वर्षांत आपण गावात राहत होतो का गावाच्या वेशीवर, असा प्रश्न तिला पडला.

एकच माणूस चौकीकडे फिरकलं नव्हतं. तिची सख्खी धाकटी बहीण, गोमती.

दोघी एकाच गावात, खैरनारांच्या एकाच भावकीत दिलेल्या. बारा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात गोमतीनं शेवटच्या फडात दोनशे लिंबाची रोपं लावली होती. एप्रिलमध्ये नदी आटली. मंदाकिनीनं शेवटच्या फडाचं दार लावलं, ते एकोणीस दिवस उघडलं नाही. टँकरचं पाणी माणसांना पुरत नव्हतं, रोपांना कुठून देणार? दोनशेच्या दोनशे रोपं जळाली. "नियम होता गं, माझा इलाज नव्हता," मंदाकिनी सांगायला गेली होती. गोमतीनं दार लावून घेतलं होतं. त्यानंतर लग्नाकार्यात दोघी समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओलांडून जायच्या.

* * *

होळीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास गोमती चौकीवर आली.

मंदाकिनी दारातच होती. केस बरेच पांढरे झालेत हिचे, हा विचार तिच्या मनात आला, आणि पाठोपाठ आपलेही. गोमतीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पदर खोचला आणि सरळ बटण दाबलं.

"मागचं विचारलं तर सांगता येतं का?"

"सांगता येतं," धाकटी म्हणाली. "त्या दिवशी जे नियम लागू होते तेवढेच घेऊन सांगता येतं."

"२०३१ सालचा एप्रिल. नऊ तारीख. शेवटच्या फडाचं दार का लावलं?"

तेजस आत संगणकावर काही काम करत बसला होता. तो उठून बाहेर आला. धाकटीला उत्तराला थोडा वेळ लागला, दोन-तीन श्वासांइतकाच.

"त्या तारखेनंतरचे नियम बाजूला ठेवले आहेत. जुन्या नोंदींप्रमाणे त्या दिवशी नदीचं पाणी बंधाऱ्याच्या चौथ्या खुणेखाली होतं. अशा वेळी पाणी गुरांच्या हौदाकडे सोडावं, नियम १९९४ चा. वर्षाच्या आतलं फळझाडाचं रोप पंधरा दिवसांहून जास्त कोरडं ठेवू नये, त्याला अर्ध्या दिवसाची पाळी द्यावी, नियम २०१९ चा. शेवटच्या फडाला पाणी मिळून तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. हे दोन्ही नियम लागू होते. दोन्ही एकमेकांना कापत नाहीत. पाटात एका वेळी एकाच दारापुरतं पाणी होतं. दोघांत मान कोणाचा, असा ठराव नव्हता. म्हणून या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. एक, हौदाचं दार उघडावं. दोन, शेवटच्या फडाचं दार अर्धा दिवस उघडावं. दोन्ही उत्तरं नियमांना धरून आहेत. त्यांतलं कोणतं घ्यायचं ते त्या दिवशी पाटकऱ्यानं ठरवलं."



गोमती हळूहळू मंदाकिनीकडे वळली. बारा वर्षांनी तिनं बहिणीच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"म्हणजे देता येत होतं," ती म्हणाली.

गोमती वळली आणि पाटाच्या बांधावरून चालू लागली.

"ताई, यात चूक कोणाचीच नाही," तेजस घाईघाईनं म्हणाला. "नियमांतच जागा रिकामी होती. मी आत्ताच्या आत्ता असं करू शकतो, की दोन उत्तरं आली तर जो नियम नवा त्याचं ऐकायचं. मग धाकटी कधी दोन उत्तरं देणारच नाही."

"मग त्या दिवशी काय झालं असतं?"

तेजसनं हिशोब केला. "रोपांना पाणी गेलं असतं."

"आणि रोपांचा नियम आधी झाला असता नि हौदाचा मागून?"

"तर हौदाला."

"म्हणजे कोण आधी बोललं, कोण मागून, यावर गुरं मरायची का रोपं, ते ठरणार," मंदाकिनी म्हणाली. "नको. राहू द्या दोन उत्तरं. खरं तेच सांगितलं तिनं."

* * *

दुसऱ्या दिवशी गोमती घराच्या गच्चीवर बिबड्या वाळत घालत होती. जुन्या लुगड्यावर ओळीनं ज्वारीच्या पातळ गोल चकत्या. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. मंदाकिनी येऊन समोर बसली. पाटीतला पिठाचा गोळा घेतला, ओल्या कापडावर थापला आणि उचलून लुगड्यावर घातला. दोघींची आई शिकवायची तसाच, कडेला पातळ, मध्ये किंचित जाड.

तीन बिबड्या झाल्यावर मंदाकिनी बोलली.

"मला दोन्ही नियम माहीत होते."

गोमतीचा हात थांबला.

"त्या दिवशी सकाळी मी दाराशी उभी होते. हौदात एक दिवसाचं पाणी शिल्लक होतं. तुझ्याकडे अर्धा दिवस सोडता आलं असतं, मला ते कळत होतं. पण मला पाटकरीण होऊन दोनच वर्षं झाली होती. बाईमाणूस, तात्पुरती. लोक म्हणाले असते, बहिणीला पाणी दिलं. दुसरं कोणाचं रान असतं तर मी कदाचित दिलं असतं, गोमे. तुझं होतं म्हणून दिलं नाही."

खाली गल्लीत होळीची लाकडं गोळा करणाऱ्यांचा गलका चालला होता.

"आणि मग बारा वर्षं मला 'नियम होता' म्हणत राहिलीस," गोमती म्हणाली.

"हो."

"मला रोपांचं दुःख दोन वर्षं होतं. पुढं मक्याचं रान केलं, चाललं आमचं. पण तू माझ्याकडे नियमासारखी बघत होतीस, माणसासारखी नाही, ते मला गिळवत नव्हतं. 'मी घाबरले' एवढं म्हणाली असतीस ना ताई, तर मीच म्हटलं असतं, नको देऊस." तिनं डोळे पुसले, तर पिठाचा पांढरा फराटा गालावर उमटला. "आमची म्हैस त्याच हौदावर प्यायची. आंधळी नव्हते मी."

मंदाकिनीनं पदरानं तो फराटा पुसला. गोमतीनं पुसू दिला. मग म्हणाली, "पातळ थाप जरा. तुझ्या बिबड्या तळल्यावर फुटतात."

* * *

तेजस स्वस्थ बसला नव्हता. त्यानं धाकटीला कामाला लावून दोनशे बारा नियमांत अशा आणखी किती रिकाम्या जागा आहेत ते शोधून काढलं होतं. अकरा निघाल्या. मार्चच्या शेवटी पंचांनी मारुतीच्या पारावर सगळ्या फडकऱ्यांची सभा बोलावली. तेजस एकेक जागा वाचून दाखवत होता आणि गाव मान ठरवत होतं. नऊ जागा तासाभरात मिटल्या. दहावी नानांच्या आरडाओरड्यामुळे जरा लांबली. अकरावी होती ती हौदाची आणि रोपांची.

सगळ्यांना माहीत होतं. वरच्या फडाचा कोणीतरी पुटपुटला, "आता पाटकरीण बहिणीसाठी रोपं आधी म्हणणार." मंदाकिनीनं ते ऐकलं आणि ती जागची हलली नाही.

गोमती उभी राहिली.

"माझं मत लिहा, मास्तर. गुरं आधी."

तेजसनं चमकून पाहिलं. "ताई, तुम्हाला कळलं ना? हा मान ठरला तर त्या वर्षी तुमचं दार बंद ठेवणं हेच एकमेव उत्तर ठरेल."

"कळलं. मुकं जनावर स्वतः नदीपर्यंत जाऊन खड्डा खणत नाही. गुरं आधीच." ती खाली बसली नाही. "पण माझं अर्धंच बोलून झालंय. ज्याची रोपं आपण गुरांसाठी कोरडी ठेवणार, त्याला एकटं ठेवायचं नाही. दार बंद असेल तेवढे दिवस प्रत्येक घरातून एक माणूस यायचं, नदीच्या डोहातून पाणी वाहून न्यायचं. रोपाला दिवसाआड चार तांबे पुरतात. मी एकटीनं वाहिलं तेव्हा वीस रोपांपलीकडे हात पोचला नाही. ती वीस पण गेली."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मागून एक हात वर झाला, मग दुसरा, आणि मग सगळेच. तेजसनं नियम लिहून घेतला. मान एक, नवा नियम एक. मांडणाऱ्याचं नाव, गोमती रमण खैरनार. नंतर चौकीकडे परतताना तो मंदाकिनीला म्हणाला, "आम्ही कायम धरून चालतो की प्रत्येक जण आपल्या फायद्याचा मान मागेल. हे कुठल्या पुस्तकात बसवू मी?"

"पुस्तकात नंतर बसवा," मंदाकिनी म्हणाली. "आधी धाकटीत बसवा. मे लांब नाही."

* * *

मेच्या नऊ तारखेला बंधाऱ्याची चौथी खूण उघडी पडली. धाकटीनं आपणहून फडांची दारं लावली, हौदाचं उघडलं आणि घरोघरच्या फोनवर निरोप दिला, की उद्या सकाळी सहा वाजता प्रत्येक घरातून एक माणूस, डोहावर.

त्रेसष्ट घरांतून एकोणसाठ माणसं आली. बॅटरीवरच्या पाच गाड्या, त्यांवर कॅन, घागरी, पत्र्याचे डबे. शेवटच्या फडात त्या वर्षी दोघांची रोपं होती. दौलतनानांची सीताफळं आणि उत्तम निकम नावाच्या एका नव्या गड्याची लिंबं. पहिले चार दिवस सगळं सुरळीत गेलं. माणसं घाम पुसत, चेष्टा करत पाणी वाहत होती. गोमती आळ्यांत तांबे मोजून ओतायची आणि कोणी सांडलं तर खेकसायची.

पाचव्या दिवशी डोह खाली गेला. त्यात माशांपुरतं पाणी राखून ठेवायचं, हा जुना नियम होता. धाकटीनं मोजून सांगितलं, आज चाळीस खेपा, जास्त नाही. चाळीस खेपांत एकच बाग भिजत होती. दोन्हींत निम्मं निम्मं टाकलं असतं तर त्या उन्हात कोणाच्याच मुळापर्यंत पोचलं नसतं. उत्तमची का नानांची? कोणीतरी फोनवरच 'का?'चं बटण दाबलं.

"या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत," धाकटी म्हणाली. "दोन्ही नियमांना धरून आहेत. पाटकऱ्यानं ठरवावं."

सगळ्यांच्या माना मंदाकिनीकडे वळल्या. नाना कमरेवर हात ठेवून उभे होते, उत्तम जमिनीकडे बघत होता. मंदाकिनीनं वाकून आधी एका बागेतली माती उकरून पाहिली, मग दुसऱ्या बागेतली. परत आली.

"आज सगळ्या खेपा उत्तमकडे."

"कुठल्या नियमानं?" नाना गरजले.

"नियमानं नाही, नाना. मी ठरवलंय. का ते सांगते." तिचा आवाज जराही चढलेला नव्हता. "तुमची रोपं आठ महिन्यांची आहेत. मुळं वीतभर खाली गेलीत, तिथं अजून ओल लागते. मी हात घालून पाहिलं. उत्तमची दोन महिन्यांची, खाली नुसता फुफाटा आहे. तुमची आणखी एक दिवस तग धरतील, त्याची नाही धरणार. माझं चुकलं तर मला बोला. पटलं नाही तर रविवारी पंचांपुढे मांडा, गाव म्हणेल तसा मान बदलू. पण आज हे मी ठरवलंय."

नाना आपल्या बागेत गेले. खाली बसून बोटं मातीत खुपसली, बाहेर काढून पाहिली, धोतराला पुसली.

"ओल आहे," ते म्हणाले. आणि मग उत्तमवर ओरडले, "बघत काय उभा राहिलास? माझी पण गाडी घे की. ऊन चढायच्या आत उरकायला नको?"

गाड्या हलल्या. गोमती भरलेली घागर घेऊन मंदाकिनीजवळ आली, तिच्या डोक्यावर चुंबळ नीट बसवली आणि घागर उचलून वर ठेवली.

"चल ताई," ती म्हणाली. "अजून एकोणचाळीस आहेत."